वेल्डिंगच्या काचेचा एनडी फिल्टर, आणि तिच्या हिरव्या रंगाचा बंदोबस्त

भर दुपारी समुद्राचं पाणी दुधाळ दिसायला हवं असेल, तर शटर अर्धं-एक मिनिट उघडं ठेवावं लागतं. गडद एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची, प्रकाश अडवणारी काच) नसेल तर तेवढ्यात फोटो पांढराफटक होतो. चांगला फिल्टर महाग. त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी वेल्डिंगची काळी काच उत्तम चालते. एक्स-रेची फिल्म, गॉगलची काच, काजळी धरलेली काच हे सल्ले मात्र कानाआड करा. फिल्म आणि काजळी प्रकाश विखुरतात, फोटो धुरकट होतो. गॉगल जेमतेम तीन स्टॉप अडवतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), त्यात काय होणार?

दुकानात शेडचा नंबर सांगून काच मागा. 8 नंबर म्हणजे दहा स्टॉप, 10 म्हणजे साधारण तेरा, 11 म्हणजे चौदाच्या थोडं वर. 8 मिळाली तर तीच घ्या, पण बहुतेक ठिकाणी 10 किंवा 11 पुढ्यात येते. काच उजेडासमोर धरून बुडबुडे आणि ओरखडे बघा. सोनेरी मुलामा असलेली नको.

लेन्सला बसवणं सोपं आहे: जुन्या यूव्ही फिल्टरच्या कडीवर काच ठेवा, कडेनं काळी इन्सुलेशन टेप फिरवा, वरून दोन रबरबँड. फट राहिली की आतल्या आत प्रतिबिंबं उमटतात. फेव्हिक्विक लेन्सच्या आसपासही आणू नका, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. वाइड लेन्सच वापरा. ही काच फोटोसाठी घासलेली नसते, त्यामुळे टेलीवर, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर, फोटो मऊ पडतो.

आता रंग. काच लावली की सगळं जग शेवाळी होतं, आणि इथेच बहुतेक लोक काच फेकून देतात. मलाही या रंगानं बरंच छळलंय. 'नंतर सॉफ्टवेअरमध्ये बघू' हा या कामातला सर्वांत वाईट सल्ला. काच लाल आणि निळा प्रकाश हिरव्यापेक्षा कितीतरी जास्त अडवते. लाल मुळात नोंदलाच गेला नसेल तर स्लायडर ओढून येतो तो रंग नसतो, सावल्यांत पसरलेले दाणे असतात.

म्हणून रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल) हवंच, जेपेगवर हे काम करूच नका. व्हाइट बॅलन्सही (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून साधलेला रंगांचा तोल) जागेवरच घ्यायचा. पांढरा कागद उन्हात धरा, काच लावलेल्या लेन्समधून फ्रेमभर त्याचा फोटो घ्या, भरपूर एक्स्पोजर द्या, आणि तोच फोटो कस्टम व्हाइट बॅलन्ससाठी निवडा. अंधारा फोटो कॅमेरा नाकारतो. कागदाचा हा फोटो सूर्य वर असतानाच घ्या. मावळतीच्या उजेडात घेतलात तर कॅमेरा काचेच्या हिरव्याबरोबर संध्याकाळचं सोनंही पुसून टाकतो, आणि मग आकाश राखाडी का दिसतं म्हणून तुम्ही काचेला शिव्या घालता. दुपारी घेतलेलं सेटिंग संध्याकाळी तसंच ठेवा.

एक्स्पोजर तपासताना मात्र व्हाइट बॅलन्स तात्पुरता डेलाइटवर न्या आणि तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम (कुठला रंग किती उजळ नोंदला ते दाखवणारा आलेख) उघडा. हिरवा उजवीकडे जाईल, पण कडेला टेकू देऊ नका. लाल डावीकडेच रेंगाळेल. त्याला जितका उजवीकडे सरकवता येईल तितका सरकवा. कस्टम सेटिंगवर हेच चित्र समतोल दिसतं आणि फसवतं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 च्या वर जाऊ नका. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू ठेवा: 40 सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी 40 सेकंद अडकतो, पण दाणे कमी होतात. एवढं करूनही रंग अंगावर आला तर कृष्णधवल करा. तो पराभव नाही. हिरव्या काचेनं झाडी उजळ येते, जांभ्याचा खडक गडद, आणि कोकणच्या किनाऱ्यावर हे छान दिसतं.

बाकी हिशोब सरळ आहे. उन्हात आयएसओ 100 आणि एफ/11 (लेन्सच्या छिद्राचं माप) ला काचेविना 1/200 सेकंद लागत असेल, तर 10 नंबरला साधारण 40 सेकंद, 11 ला दीड मिनिट. 30 सेकंदांपुढे बल्ब मोड (बटण सोडेपर्यंत शटर उघडं) आणि रिमोट. फोकस काच लावण्याआधी करून मॅन्युअलवर टाका, डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर काळ्या कापडानं झाका, नाहीतर मागून उजेड शिरतो.

या काचेतून सूर्याकडे पाहू नका, व्ह्यूफाइंडरमधून तर अजिबात नाही. सूर्याकडे नुसतं पाहायलाही 14 नंबरची काच लागते. आणि किनाऱ्यावरून आल्यावर टेप काढून काच गोड्या पाण्यानं धुवा, खारा थर वाळला की पुढच्या फोटोत डाग उमटतात.