मधुमेही मांजराची साखर घरी तपासताना या चुका टाळा

मांजराला मधुमेह झाल्याचे कळले की घरातली माणसे सर्वप्रथम इन्सुलिनची सुई कशी टोचायची या काळजीत पडतात. सुई टोचणे थोड्याच दिवसांत हातात बसते. खरा घोळ साखर तपासण्यात होतो, कारण आकडा कोणत्या मशीनवर, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि मांजर कोणत्या अवस्थेत असताना आला हे न पाहताच अनेक जण डोस कमी-जास्त करून मोकळे होतात.

घरी तपासण्याचा फायदा मोठा आहे. पिंजऱ्यात बसून, रिक्षाचे धक्के खात, शेजारी कुत्री भुंकत असताना दवाखान्यात थांबलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकते, आणि मधुमेह नसलेल्या मांजराच्या बाबतीतही असे घडते. मात्र घरातही भीतीचे प्रसंग येतात. विसर्जनाच्या मिरवणुकीचे ढोल-ताशे खिडकीखाली वाजत असताना किंवा पकडण्यासाठी पलंगाखालून ओढून काढल्यावर घेतलेल्या आकड्याशेजारी वहीत तशी नोंद करावी आणि त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये.

मुंबईतल्या पुष्कळ घरांत आजी-आजोबांसाठी ग्लुकोमीटर असतोच, आणि तोच मांजरासाठी वापरला जातो. हे चुकीचे नाही, पण त्याची मर्यादा ठाऊक हवी. माणसाच्या रक्तातील ग्लुकोजचा बराच भाग तांबड्या पेशींत असतो, तर मांजराच्या रक्तात तो जवळजवळ सगळा प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात असतो. त्यामुळे माणसांसाठी बनवलेला मीटर मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. अल्फाट्रॅकसारखे प्राण्यांसाठीचे मीटर हा फरक धरून बनवलेले असतात, परंतु त्यात मांजराचा कोड निवडला आहे ना, हे पाहावे लागते. परवडत असेल तर प्राण्यांसाठीचाच मीटर घ्यावा, असे माझे मत आहे. ते शक्य नसेल तर एकच मीटर कायम वापरावा आणि तो कोणता हे डॉक्टरांना सांगावे. सकाळी एका मीटरवर आणि संध्याकाळी दुसऱ्यावर घेतलेल्या आकड्यांची तुलना होऊच शकत नाही. पट्ट्यांचेही तसेच आहे. मुंबईच्या दमट हवेत पट्ट्यांची डबी क्षणभरही उघडी ठेवू नये, पट्ट्या सुट्या काढून दुसरीकडे ठेवू नयेत आणि फ्रिजमध्येही ठेवू नयेत, कारण बाहेर काढताच त्यांवर ओल धरते.

रक्ताचा थेंब नीट येत नाही ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा थंड कान हेच असते. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल कानाला मिनिटभर लावून ठेवावा आणि मग कान पूर्ण कोरडा करावा, नाहीतर पाणी मिसळून आकडा चुकतो. कान उजेडासमोर धरला की कडेने जाणारी बारीक शीर दिसते. ती शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या अरुंद पट्टीत टोचायचे असते. मागे कापसाचा बोळा धरावा म्हणजे सुई आरपार जाऊन आपल्या बोटात घुसत नाही. व्हॅसलिनचा अगदी पातळ थर आधी लावला तर रक्त केसांत पसरत नाही, गोल थेंब होऊन थांबते. झाल्यावर कापूस काही वेळ दाबून धरावा आणि मांजराला त्याच्या आहारात बसणारा एखादा खाऊ द्यावा. आठवडाभरात ते वेळ झाली की आपणहून जवळ येऊ लागले तर नवल वाटायला नको.

सर्वांत घातक चूक म्हणजे इन्सुलिन देण्यापूर्वीचा एकच आकडा पाहून डोस वाढवणे. सकाळी सातला साखर ३८० आली म्हणून डोस वाढवला, पण त्याच मांजराची साखर दुपारी एक वाजता ९० पर्यंत उतरत असेल, तर वाढवलेला डोस त्याला थेट झटक्यांकडे नेऊ शकतो. म्हणून डॉक्टर सांगतील त्या दिवशी सकाळच्या डोसपूर्वीपासून दर दोन तासांनी, बारा तासांपर्यंत साखर मोजून आलेख काढावा, आणि आकडा १५० च्या खाली गेला तर दर तासाने मोजावे. या आलेखात सर्वांत खालचा आकडा आणि तो किती वाजता आला, हे सर्वांत महत्त्वाचे असते. डोस बदलल्यानंतर शरीर स्थिरावायला साधारण आठवडा लागतो. रोजच्या रोज डोस हलवत राहिल्यास काहीच उमगत नाही.

आकडे अचानक विचित्र येऊ लागले तर मीटरला दोष देण्याआधी सिरिंज पाहावी. आपल्याकडे केमिस्टकडे मिलिलिटरला ४० युनिटचे आणि १०० युनिटचे अशी दोन्ही इन्सुलिने मिळतात, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात: ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी केशरी टोपणाची. ग्लार्जिन नावाचे इन्सुलिन सहसा १०० युनिटचे असते. ते चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २ च्या रेषेपर्यंत भरले तर मांजराच्या अंगात ५ युनिट जातात. उलट चूक झाली, तर २ ऐवजी ०.८ युनिटच जाते आणि साखर का उतरत नाही याचे कोडे पडते. घाईच्या संध्याकाळी केमिस्टने जी सिरिंज हातात दिली ती तशीच वापरू नये. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक वेळी ताडून पाहावा.

साखर ६०-७० च्या खाली गेली असेल आणि मांजर शुद्धीवर असेल, तर लगेच खायला द्यावे. ते लडखडत असेल, थरथरत असेल किंवा मलूल पडले असेल तर दुसऱ्या चाचणीची वाट न पाहता मध किंवा ग्लुकोजचे पाणी हिरड्यांना चोळावे, तोंडात ओतू नये, आणि थेट दवाखाना गाठावा. आपल्या भागात रात्री कोणता पशुदवाखाना उघडा असतो हे आजच विचारून फ्रिजवर लिहून ठेवावे. मांजराने जेवणाला तोंड लावले नाही, उलटी केली, किंवा एखादा डोस चुकला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्ण किंवा दुप्पट डोस कधीही देऊ नये. खाणे बंद आणि साखर चढलेली असेल तर लघवीत कीटोन (साखरेऐवजी चरबी जळू लागली की तयार होणारी द्रव्ये) तपासून घ्यावेत. ते आढळल्यास सकाळपर्यंत थांबू नये.

पाठीवर किंवा मानेवर चिकटवायच्या, साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरमुळे टोचणे कमी होते, पण तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि रक्ताच्या काही मिनिटे मागे राहतो. त्याचा आकडा फार खाली दिसला तर कानाच्या रक्ताने खात्री करावी.

आकडे छान येऊ लागले की तपासणी सोडून देण्याचा मोह होतो, आणि नेमकी तेव्हाच ती सोडू नये. कमी कर्बोदकांचा आहार आणि इन्सुलिन वेळेवर सुरू झाले तर काही मांजरांची इन्सुलिनची गरज कमी होत होत पूर्ण संपते. अशा वेळी जुनाच डोस चालू राहिला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. इन्सुलिन थांबल्यावरही डॉक्टर सांगतील त्या अंतराने मोजत राहावे, आणि पुढे खाज किंवा दम्यासाठी दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात नेले तर औषधात स्टेरॉइड आहे का हे आधी विचारावे, कारण त्यामुळे मधुमेह परत येऊ शकतो.