मायफळातले आयत्या बिळावरचे नागोबा : या चुका टाळा

ओकच्या गाठींत, म्हणजे माशीच्या अळीभोवती झाडावर वाढणाऱ्या टेंगळांत, आयते कोण राहतात ते पाहायचं असेल तर त्या शोधायला सिल्व्हर ओकखाली जाऊ नका. बेळगाव-खानापूरकडे रस्त्याकडेला दिसणारं हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, ओकच्या कुळातलंही नाही. खरा ओक आपल्या सह्याद्रीच्या रानात नाही, पण त्याची गाठ काष्ठौषधीच्या दुकानात मिळते: बाळगुटीतलं मायफळ. तुर्कस्तान-इराणकडच्या ओकच्या कळीत अँड्रिकस ही बारीक गांधीलमाशी अंडं घालते आणि अळीभोवती झाडच ही टेंगळांची कठीण गोटी वाढवतं.

माशी बाहेर पडल्याचं भोक असलेलीच मायफळं घेतली तर आत बहुधा काही उरलेलं नसतं. अभंग दहा-बारा निवडून घ्या, तुलनेला भोकाची दोन-चार पुरेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आत सापडेल तीच गाठ करणारी, असं धरणं. ओकच्या गाठींत सिनर्गस नावाच्या बारीक गांधीलमाश्याही राहतात. त्यातल्या बहुतेक स्वतः गाठ करत नाहीत. दुसरीच्या वाढत्या गाठीत अंडी घालतात. अळ्या तिथेच आपापल्या खोल्या करून गाठीचा गर खातात. मूळ अळी बऱ्याचदा त्यातच मरते, तरी यांना परजीवी म्हणू नये. परजीवी वेगळ्या, त्या अळीच खातात.

मधल्या पोकळीतून निघालेलं एकच मोठं भोक मूळ माशीचं. बारीक, अनेक भोकं असली तर सिनर्गस किंवा परजीवी. त्यापुढचा निकाल भोकावरून देऊ नका, माशी पाहा. अंगाला धातूसारखी हिरवी-निळी चमक आणि पंखात शिरा जवळजवळ नाहीत, तर परजीवी. पुढच्या पंखात शिरांचा त्रिकोणी कप्पा दिसला की पोट बघा: पत्र्यासारख्या एकाच मोठ्या कडक पट्ट्याने जवळपास सगळं झाकलेलं असेल तर सिनर्गस, पट्टे सुटे दिसले तर अँड्रिकस. यासाठी निदान 10 पट भिंग हवं.

हातोडीने फोडलं तर खोल्यांचा भुगा होतो. आरपार कापलं तर भुसा आत भरतो. हॅकसॉ ब्लेडने सभोवार 2-3 मिलिमीटर खाच पाडा, स्क्रूड्रायव्हर घालून पिळा, दोन वाट्या सुट्या होतात. मऊ व्हावं म्हणून भिजवू तर अजिबात नका. मायफळात टॅनिन भरपूर. ओल्याला लोखंड लागलं की काळी शाई होते, आणि मग खोली कुठली नि डाग कुठला ते कळत नाही.

फोडलेलं मायफळ गुटीच्या डब्यात परत टाकू नका.