कांद्याच्या शेतात हरवलेला नाला: भूविज्ञान शिकायला येणाऱ्यांसाठी

माझं गाव साक्री तालुक्यातलं. धुळ्याहून एसटीने येताना शेतांमधून सरळ रेषेत धावणाऱ्या अरुंद, काळ्या टेकड्या दिसतात. लहानपणी वाटायचं, कुणीतरी मैलोन्‌मैल बांध घालून ठेवलेत. पुण्याला एम.एस्सी.ला आल्यावर कळलं की हे डाइक आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता, त्या काळात जमिनीला पडलेल्या उभ्या भेगांत शिलारस चढला आणि तिथेच गोठला. पुढे आजूबाजूचा खडक झिजून गेला, ही भिंत मात्र उभी राहिली. धुळे-नंदुरबार पट्ट्यात असे शेकडो डाइक आहेत आणि बहुतेक पूर्व-पश्चिम किंवा पूर्वेकडून जरा उत्तरेला कललेले. २०१६ साली प्रकल्पासाठी मी तेच निवडले.

हे निवडता आलं ते काळामुळे. आमचे सर शिकत होते तेव्हा हवाई छायाचित्रांसाठी परवानगी लागायची, टोपोशीट (सर्वे ऑफ इंडियाचा उंच-सखल दाखवणारा नकाशा) मिळवायला अर्ज करावा लागायचा, आणि उपग्रहाचं चित्र विद्यार्थ्याने विकत घेणं हा विषयच नव्हता. अमेरिकेच्या लँडसॅट ७ या उपग्रहाच्या एका चित्राला ६०० डॉलर पडत. २००८ मध्ये लँडसॅटचा सगळा साठा फुकट खुला झाला आणि तिथून चित्रच पालटलं. २००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून ११ दिवसांत रडारने जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली होती. आपल्या भागासाठी ती आधी ९० मीटरच्या चौकटीत, म्हणजे तेवढ्या तुकड्याला उंचीचा एकच आकडा अशी, मिळायची, माझ्या प्रकल्पाच्या थोडं आधी ३० मीटरची खुली झाली. युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह नुकताच वर गेला होता, १० मीटरची चित्रं देत होता. इस्रोच्या भुवन या नकाशांच्या संकेतस्थळावर आपल्या कार्टोसॅट उपग्रहाची उंचीची माहिती होती. वसतिगृहाच्या खोलीत, ८ जीबीच्या लॅपटॉपवर, क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर टाकून मी माझ्याच गावाची जमीन वरून बघत बसले होते. मला आजही तो आनंद आठवतो. आपल्या शिवाराबद्दलचा प्रश्न आपणच विचारू शकतो, त्याला कुणाची चिठ्ठी लागत नाही, ही भावना माझ्यासाठी फार मोठी होती.

उंचीच्या नकाशावर कृत्रिम उजेड पाडून टेकड्या उठावदार करता येतात. सॉफ्टवेअर हा उजेड आपणहून वायव्येकडून पाडतं. इथे नव्याने येणाऱ्याने एक गोष्ट लगेच शिकून घ्यावी: उजेडाच्या दिशेला समांतर असलेली रेषा दिसतच नाही. म्हणून सूर्य फिरवायचा. उत्तरेकडून, पूर्वेकडून, आग्नेयेकडून उजेड पाडून तोच तुकडा पुन्हा पुन्हा बघायचा. मी असं करत गेले आणि आठवड्याभरात ४३ रेषा आखल्या. नंतर गावी जाऊन बघितलं तर त्यातल्या चार रेषा डाइक नव्हत्याच. दोन पाटचाऱ्या होत्या, एक जुना गाडरस्ता होता आणि एक चक्क दोन गावांच्या शिवेवरचा बांध. उलट बाजूने, दहा मीटर रुंदीचे कितीतरी डाइक ३० मीटरच्या चौकटीत विरघळून गेले होते. झिजून जमिनीलगत आलेले, काळ्या मातीखाली गेलेले डाइक उंचीच्या नकाशाला कळतच नाहीत.

आता चूक सांगते, कारण ती जवळपास प्रत्येक नवा विद्यार्थी करतो.

कॉलेजात जुनी टोपोशीट होती. ती मी स्कॅन केली, कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश भरले आणि लॅपटॉपवर बसवली. तिच्यावरून एका नाल्यावरची जागा निवडली. तिथे डाइक नाल्याला छेदतो, म्हणजे कातळ उघडा मिळणार. मोबाईलच्या जीपीएसवर बिंदू टाकला आणि मार्च महिन्याच्या उन्हात तिथे पोचले. बिंदूवर नाला नव्हता. कांद्याचं शेत होतं.

शेताचे मालक, सत्तरीचे नाना, बांधावर येऊन उभे राहिले. काय शोधते आहेस, म्हणाले. मी म्हटलं, नाला. त्यांनी हात करून दाखवलं: तो काय, त्या बाभळींच्या पलीकडे. शंभर पावलांहून जास्तच अंतर होतं.

झालं असं की जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मापनावर बांधलेल्या आहेत आणि मोबाईल डब्ल्यूजीएस-८४ वर चालतो. पृथ्वीचा आकार दोन्ही थोडा वेगळा धरतात. आकडे तेच, पण जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. सॉफ्टवेअरमध्ये नकाशा बसवताना योग्य मापन निवडलं की हे मिटतं, दोन मिनिटांचं काम. ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. सर्वे ऑफ इंडियाच्या नव्या खुल्या मालिकेतले नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत, पण कॉलेजांच्या कपाटांत अजून जुनीच आहेत, तेव्हा जपून.

नाना मला नाल्यापर्यंत घेऊन गेले. पात्रात डाइक आडवा पडला होता, आठ-नऊ मीटर रुंद. त्याचे खांब आडवे होते, लाकडाची मोळी रचून ठेवावी तसे एकावर एक. डाइक थंड होतो तो दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून, म्हणून त्याचे खांब भिंतींना काटकोनात, म्हणजे आडवे बनतात. लाव्हाच्या थरात ते उभे असतात. कडेचा तुकडा हातोड्याने फोडला तर इतका बारीक कणांचा की भिंगातूनही काही सुटं दिसेना. मधला फोडला तर फेल्डस्पार या खनिजाच्या पांढुरक्या काड्या उन्हात चमकल्या. कड लवकर गोठली, मध्य सावकाश. दहा पावलांत दिसणारी ही गोष्ट कुठल्याही उपग्रहाच्या चित्रात मिळणार नाही.

मग नानांनी जे सांगितलं त्याने माझ्या प्रकल्पाची दिशा बदलली. त्यांच्या वडिलांनी विहीर खोदली तेव्हा चार परसावर (परस म्हणजे पुरुषभर खोली) हाच काळा दगड लागला, सुरुंग लावूनही पाणी आलं नाही. वरच्या अंगाच्या शेजाऱ्याला मात्र मुरुमाखाली मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा मऊ खडक, लागला आणि विहीर उन्हाळ्यातही टिकते. खान्देशात बहुतेक विहीर खोदणाऱ्यांना हे माहीत असतं. घट्ट डाइक जमिनीखाली धरणाच्या भिंतीसारखा पाणी अडवतो, वरच्या बाजूला पाणी साठतं. तोच डाइक भेगाळलेला असेल तर उलट पाणी त्याच्यातूनच वाहतं.

परत पुण्याला आले आणि सेंटिनेलची फेब्रुवारी-मार्चची चित्रं उतरवली. एक चित्र जवळपास एक जीबीचं, वसतिगृहाच्या नेटवर रात्रभर चालायचं. हिरवाईचा निर्देशांक काढला. नानांच्या डाइकच्या वरच्या अंगाला हिरवी पट्टी होती, खालच्या अंगाला तपकिरी. आखलेल्या रेषांपैकी अकरा ठिकाणी तोच प्रकार दिसला. हा प्रश्न मला लॅपटॉपने सुचवला नव्हता, नानांनी सुचवला होता. पण तो अकरा ठिकाणी तपासणं नुसत्या पायांनी मला एका उन्हाळ्यात जमलं नसतं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट हाती लागली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत १८६९ साली ब्लॅनफर्ड या ब्रिटिश भूवैज्ञानिकाचा तापी आणि खालच्या नर्मदा खोऱ्यावरचा अहवाल छापला गेला होता. त्याचं स्कॅन इंटरनेटवर मोफत मिळतं. दीडशे वर्षांपूर्वी हाच मुलूख पायी तुडवलेल्या माणसाचं लिखाण मी मोबाईलवर वाचत नाल्यात बसले होते. आजचं सर्वेक्षण भूकोश पोर्टलवर भूशास्त्रीय नकाशे देतं, दरडप्रवण भागांचे नकाशेही. नवे शोधनिबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नसतील तर लेखकाला दोन ओळींची सभ्य ईमेल लिहा. मला बहुतेकांनी पीडीएफ पाठवली.

दरडींचा विषय निघाला म्हणून सांगते. माळीण ३० जुलै २०१४, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. सह्याद्रीत दरडी कोसळतात त्या ऐन पावसात, आणि तेव्हा आठवडेच्या आठवडे ढगांमुळे साधी चित्रं कोरी येतात. रडार ढगांतून आरपार बघतं, म्हणून युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार-उपग्रहाचा उपयोग. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासाचा निसार हा रडार-उपग्रह गेला. त्याची लांब लहरींची रडार झाडीखालच्या जमिनीपर्यंत जास्त चांगली पोचते आणि तो दर १२ दिवसांनी तीच जागा बघतो. आज प्रथम वर्षाला असलेल्या मुलामुलींनी रडार शिकावं, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. घाटातल्या वाड्यांच्या वरचे उतार सरकताहेत का, हे मोजणारी माणसं आपल्याला फार कमी आहेत.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा, पुढे गेट, आणि सर्वेक्षणात किंवा केंद्रीय भूजल मंडळात जायचं तर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. देहरादूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे दूरसंवेदनाचे (उपग्रहांवरून जमीन अभ्यासण्याचे) ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात. हजारो रुपये घेऊन सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांत पैसे घालू नका. थोडं पायथॉन, ही प्रोग्रॅमिंगची भाषा, शिका. ब्रंटन (भूवैज्ञानिकांचं होकायंत्र) धरायला मात्र माणसाकडूनच शिकावं लागतं, तेव्हा क्षेत्रभेट एकही चुकवू नका.

आणि पहिल्या दिवसापासून तक्त्यात तीन रकाने ठेवा: ही रेषा कुठल्या चित्रावरून आखली, ते चित्र कुठल्या तारखेचं, आणि मी स्वतः तिथे गेले का. मी भूजलाच्या कामात आल्यावर एका कार्यालयाकडून विहिरींच्या पातळ्यांचे तक्ते मिळाले. आकडे होते, पण उन्हाळ्यातले की पावसाळ्यानंतरचे याची नोंदच नव्हती. कुणीतरी उन्हातान्हात फिरून दोरी सोडून मोजलेलं सगळं वाया गेलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

माझा डाइकचा नकाशा मी खुला ठेवला आहे. गेल्या वर्षी जळगावच्या एका विद्यार्थिनीने कळवलं की २९ क्रमांकाची रेषा मी दाखवते त्याहून दीड किलोमीटर पुढे जाते, सोबत फोटो आणि जीपीएसचा बिंदू. मी दुरुस्ती करून तिचं नाव रकान्यात घातलं. ४३ पैकी सहा रेषांसमोर अजून ‘गेले नाही’ असंच लिहिलेलं आहे. कांदा निघाला की मार्चमध्ये त्यातल्या दोन करायच्या आहेत, ती सोबत येते म्हणाली आहे.