भरपाईचा अर्ज दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा

पहिल्या अर्जात मी नुसतं लिहिलं होतं, ‘खूप त्रास झाला, भरपाई मिळावी.’ विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकीलताईंनी वाचून विचारलं, “कशाची?” (बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नसते, हेही मला तेव्हाच कळलं.)

मग दोघींनी हिशेब मांडला. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. कलम २० खाली दवाखान्याची बिलं, बुडालेला पगार, नवऱ्याने आपटून फोडलेलं शिलाई मशीन, दरमहाची पोटगी. मानसिक छळाची भरपाई कलम २२ खाली, वेगळी. मी सगळं एकाच रकमेत कोंबलं होतं.

पुरावा म्हणजे पोलीस तक्रार, असंच मला वाटायचं. ती तर मी कधी केलीच नव्हती. कामी आला एक चुरगळलेला केसपेपर. त्यावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘डाव्या मनगटाला सूज, पतीने मारल्याचे सांगते.’ शिवाय बहिणीला रात्री दोनला पाठवलेले मेसेज.

अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. माझा काही झाला नाही. कलम २३ चा अंतरिम अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंत तात्पुरती मदत मागणारा, सोबतच टाकला होता म्हणून निदान पोटगी आधी सुरू झाली. भरपाईचा आदेश बराच उशिरा आला, मागितल्यापेक्षा कमी रकमेचा. पण मशीनचे पैसे त्यात वेगळ्या ओळीत लिहिलेले होते.