कचऱ्यापासून इंधन: आधी ओलावा मोजा, मग पद्धत ठरवा

जैवभारापासून (लाकूड, पेंढा, ओला कचरा अशा सेंद्रिय मालापासून) इंधन किंवा रसायने तयार करू पाहणारे बहुतेक जण आधी यंत्रसामग्री पसंत करतात आणि नंतर तिला पुरवण्यासाठी कच्चा माल शोधतात. क्रम याच्या उलट असावा, कारण कोणती पद्धत परवडेल हे मुख्यतः मालातील ओलावा ठरवतो.

ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून नमुने घेऊन ते एकत्र मिसळावेत, त्यांचे वजन करावे आणि १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावेत. वजनातील घट म्हणजे ओलावा. हाच नमुना ५५० अंशांवर जाळल्यास उरते ती राख, आणि तिचे प्रमाणही नोंदवून ठेवावे.

ओलावा ८० टक्के असेल, तर एक किलो मालात कोरडे द्रव्य अवघे २०० ग्रॅम असते. लाकडाचा उष्मांक धरला तरी त्यात सुमारे ३.८ मेगाज्यूल ऊर्जा भरते आणि उरलेल्या पाण्याची वाफ करण्यातच २ मेगाज्यूलहून अधिक खर्च होते. असा माल वाळवून जाळणे व्यर्थ आहे. त्याचा बायोगॅस करावा.

नवा पाचक (हवेविना माल कुजवून बायोगॅस देणारी बंद टाकी) सुरू करताना चालू संयंत्रातील सक्रिय स्लरी विरजणासारखी घालावी, तापमान ३५ ते ३८ अंशांदरम्यान राखावे आणि कर्ब-नत्र गुणोत्तर २० ते ३० इतके राहील अशा बेताने माल मिसळावा. खाद्य एकदम वाढवल्यास आम्ल तयार करणारे जिवाणू मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना मागे टाकतात. म्हणून सामू (pH; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ६.८ च्या खाली घसरू लागताच भरणी थांबवावी. चुन्याने सामू तात्पुरता सावरतो, पण मूळ कारण तसेच राहते. वायूतील हायड्रोजन सल्फाइड विषारी असून इंजिन गंजवतो, त्यामुळे वायू लोहऑक्साइडच्या थरातून गाळून घ्यावा. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असल्यास स्फोट होऊ शकतो, तेव्हा संयंत्राजवळ ठिणगी किंवा ज्योत नको.

ओलावा १० टक्क्यांच्या आत असेल, तर जलद उष्णविघटन करता येते: ३ मिलिमीटरहून बारीक कण हवेविना सुमारे ५०० अंशांपर्यंत झपाट्याने तापवून निघणारी वाफ दोनेक सेकंदांत थंड केली, की स्वच्छ लाकडापासून वजनाच्या ६० टक्के किंवा त्याहून अधिक जैवतेल मिळू शकते. राखेची नोंद येथे कामी येते. राखेतील पोटॅशियममुळे वाफेचे पुढे विघटन होते आणि तेल घटून वायू, पाणी व कोळसा वाढतो, म्हणूनच पेंढ्यापासून लाकडाइतके तेल मिळत नाही. या द्रवाला तेल म्हणणे तसे उदारपणाचेच आहे: त्यात १५ ते ३० टक्के पाणी असते, त्याचा सामू २ ते ३ असतो आणि ते डिझेलमध्ये मिसळत नाही. ते साध्या पोलादाच्या टाकीत साठवू नये. कोळसाच हवा असेल, तर माल सावकाश तापवावा.

मधल्या ओलाव्याचा माल सर्वांत अवघड असतो. टाकाऊ उष्णता उपलब्ध असेल तरच तो वाळवावा.

इथेनॉलसाठी शर्करा मोकळी असावी लागते आणि एक किलो ग्लुकोजपासून सैद्धांतिकदृष्ट्याही ५१० ग्रॅमच इथेनॉल मिळते. पेंढ्यासारख्या मालात ती बांधलेली असते, म्हणून त्यावर आधी सौम्य आम्लाची व उष्णतेची प्रक्रिया करावी लागते. तीत पेंढ्यातील झायलोज या शर्करेपासून फरफ्युरल हे रसायन तयार होते. ते यीस्टला मारक असले तरी स्वतः विकाऊ रसायन आहे, म्हणून किण्वनापूर्वी (यीस्टने शर्करा आंबवण्यापूर्वी) ते वाफेबरोबर काढून वेगळे साठवावे.