सोलापुरात शाळेची नोकरी सांभाळून बायोलॉजीचे पीजी लेव्हलचे कोर्स कसे करायचे

आठवी ते दहावीला सायन्स शिकवणाऱ्या किंवा अकरावी-बारावीला बायो घेणाऱ्या सर-मॅडमसाठी लिहितोय. बीएस्सी बीएड होऊन बरीच वर्षं झालेली असतात, मधल्या काळात विषय कुठच्या कुठं गेलेला असतो आणि पोरं मोबाईलवर बघून असले प्रश्न विचारतात की फळ्याकडं तोंड करावं लागतं. मग डोक्यात येतं की एमएस्सी करून टाकू. करा की, पण आधी ठरवा की तुम्हाला कागद पाहिजे का विषय पाहिजे, कारण दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत.

कागद पाहिजे म्हणजे ज्युनियर कॉलेजला जायचंय (तिथं एमएस्सी सेकंड क्लास आणि बीएड लागतं) किंवा पुढं निवडश्रेणीचा (वरच्या पगारश्रेणीचा) विचार आहे. तर पूर्ण डिग्रीच करावी लागणार. आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ आहे, गावातल्या कॉलेजांतपण पीजी चालतं, पण रेग्युलरला हजेरी आणि प्रॅक्टिकल असतात आणि ते बरोब्बर शाळेच्या टायमात येतात. ते जमणार नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं झूलॉजी, बॉटनी बघा. मुक्त म्हणजे घरबसल्या असं समजू नका, सायन्सला प्रॅक्टिकल सेंटरवर जाऊनच करावे लागतात, म्हणून फी भरायच्या आधी सेंटर कुठंय आणि प्रॅक्टिकल सुट्टीत असतात का ते फोन करून विचारा. दुसरं कुठलं विद्यापीठ डिस्टन्स म्हणून जाहिरात करत असेल तर युजीसीच्या डिस्टन्स ब्युरोच्या यादीत त्या वर्षाला त्याच कोर्सचं नाव आहे का बघा, नुसतं विद्यापीठाचं नाव असून भागत नाही. आता नवीन शैक्षणिक धोरणात एमएस्सीचं एक वर्ष पूर्ण करून पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांचे मिळून 88 क्रेडिट आहेत, त्यामुळं पहिलं वर्ष झेपतंय का बघून पुढचं ठरवलं तरी चालतंय.

आणि हो, अॅडमिशनच्या आधी संस्थेकडं लेखी अर्ज देऊन परवानगी घ्या, आवक नंबर टाकलेली कॉपी जपून ठेवा. तोंडी "करा की ओ" म्हणणारे हेडसर रिटायर होतात आणि मग सेवापुस्तकात नोंद करताना क्लार्क विचारतो, परवानगी कुठाय?

आता विषय पाहिजे असेल तर माझं स्पष्ट मत आहे, एका वेळी एकच कोर्स. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवर बायोचे भरपूर कोर्स आहेत, शिकायला फुकट, परीक्षा द्यायची तरच फी. 12 आठवड्यांच्या कोर्सला 3 क्रेडिट धरतात. एनपीटीईएलला दर आठवड्याला असाइनमेंट असते, त्याचे 25 टक्के आणि सेंटरवर जाऊन दिलेल्या परीक्षेचे 75 टक्के. जानेवारी आणि जुलै अशा दोन बॅच असतात, त्यातली जुलैचीच घ्या. जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वरांची यात्रा), मग गॅदरिंग, मग बोर्डाचे प्रॅक्टिकल, आणि परीक्षा येते एप्रिलमध्ये, म्हणजे पेपर तपासणीचे गठ्ठे उशाला असताना. जुलैची परीक्षा दिवाळीच्या आसपास होते, ते सोपं जातं. इंग्लिश फास्ट वाटलं तर स्पीड कमी करा, ट्रान्स्क्रिप्ट डाउनलोड करा, काही कोर्सचे मराठीतपण आहेत. नुसतं वाचायचं असेल तर ई-पीजी पाठशाला ही पीजीच्या धड्यांची सरकारी वेबसाइट फुकट आहे. पण डायरेक्ट तिथं उडी मारू नका, आधी अकरावी-बारावीचं एनसीईआरटी बायो सगळं वाचून काढा, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात कोर्स सुटतो.

कोर्स निवडताना दहावी विज्ञान भाग दोनची अनुक्रमणिका समोर ठेवा. पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती, पुढं जीवनप्रक्रिया, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान. म्हणून पहिला कोर्स जेनेटिक्स किंवा मॉलिक्युलर बायो, दुसरा बायोकेमिस्ट्री, मग इव्होल्युशन. इकॉलॉजी शेवटी घेतली तरी चालेल. बायोकेमिस्ट्री केल्यावर काय फरक पडतो बघा, आपण वर्षानुवर्षं एका ग्लुकोजपासून 38 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) सांगत आलो, पीजीच्या पुस्तकात 30 ते 32 असतात. कारण ग्लुकोज मोडताना इलेक्ट्रॉन वाहून नेणारे दोन रेणू असतात, त्यातल्या एका एनएडीएचमागं 3 नाही तर अडीचच्या आसपास आणि एफएडीएच-टू मागं दीड एटीपी पडतात, प्रोटॉन थोडे गळतात, काही वाहतुकीत खर्च होतात. परीक्षेला पोरांनी पुस्तकातलंच लिहायचं, पण हुशार पोरगं विचारलं तर तुमच्याकडं उत्तर पाहिजे.

प्रॅक्टिकलचं काय, तर ऑनलाइन कोर्समध्ये तेवढंच राहतं, आणि ते भरून काढायला सोलापूरसारखी जागा नाही. सी-फोर प्रकाशसंश्लेषण घ्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या संयुगात पकडायची ज्वारीसारख्या पिकांची पद्धत. रब्बीची ज्वारी उभी असताना एक ताजं पान आणा, गाजराला उभी चीर देऊन त्यात पानाचा तुकडा धरा आणि नवीन ब्लेडनं गाजरासकट पातळ पातळ आडवे काप घ्या, पाण्यात सोडा, त्यातला सगळ्यात पातळ काप ब्रशनं उचलून स्लाइडवर, वर थेंबभर पाणी आणि कव्हरस्लिप. रंग द्यायची गरज नाही. आधी मायक्रोस्कोपच्या 10 एक्सवर शीर शोधा, मग 40 वर जा, शिरेभोवती मोठ्या हिरव्यागार पेशींची माळ दिसते, ती क्रॅन्झ रचना. तसाच तुरीच्या पानाचा काप शेजारी ठेवा, तिथं ती हिरवी माळ नसते, तूर सी-थ्री, म्हणजे तीन कार्बनच्या नेहमीच्या पद्धतीची. एवढ्या दोन स्लाइडवर एक अख्खा तास रंगतो.

जेनेटिक्सला तर मालदांडी ज्वारी आहेच. तिच्यातनं निवडलेला एम 35-1 हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातला, आणि ज्वारीतल्या नर-वंध्यत्वाचा (परागकण निकामी असण्याचा) एक प्रकार याच मालदांडीच्या पेशीद्रव्यातनं आलाय, म्हणजे आईकडनं येणारी आनुवंशिकता, मेंडेलच्या चौकटीत न बसणारी. सूक्ष्मजीवशास्त्राला डाळिंबाचा तेल्या रोग, तो झॅन्थोमोनास नावाच्या जिवाणूमुळं होतो, आणि केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रच आहे, शाळेच्या लेटरहेडवर पत्र देऊन भेटीचं विचारा. इकॉलॉजीला नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा माळ, गवताळ प्रदेश कसा असतो ते तिथं कळतं. तिथं वनखात्याची परवानगी काढूनच जा आणि माळढोक दिसेल असं पोरांना आधी सांगू नका, काळवीट बहुतेक दिसतात.

सर्टिफिकेट आलं की प्रिंट काढून अर्जासोबत ऑफिसला द्या आणि पोच घ्या. एमएस्सीला पुढं अॅडमिशन घेणार असाल तर हे क्रेडिट धरणार का ते विद्यापीठात कोर्स लावायच्या आधी विचारायचं, नंतर विचारून उपयोग नसतो.