नाकेबंदी फसली म्हणण्याआधी: अमेरिकी यादवी युद्ध वाचताना या चुका टाळा

अमेरिकी यादवी युद्धात (1861-65) उत्तरेने दक्षिणेच्या किनाऱ्याची केलेली नाकेबंदी खरी की कागदोपत्री, असा वाद निघाला की एक आकडा हमखास पुढे येतो. वाफेच्या जहाजांनी ती चुकवण्यासाठी सुमारे 1,300 फेऱ्या केल्या आणि त्यातल्या हजाराहून जास्त पार पडल्या. आकडा बरोबर आहे, पण त्यावरून ‘म्हणजे नाकेबंदी फसलीच’ असे म्हणणारे पहिल्याच पायरीवर घसरतात.

या गणितात मोजली जातात ती निघालेली जहाजे. निघालीच नाहीत ती कुठे मोजायची? नाक्यावर पोलीस उभे राहिल्यावर किती ट्रक निसटले हे सांगता येते. धंदाच सोडून दिलेले ट्रक त्या हिशेबात येत नाहीत. लिंकनने 19 एप्रिल 1861 रोजी घोषणा केली तेव्हा आरमाराकडे सेवेत असलेली जहाजे चाळीसच्या आसपास होती आणि किनारा सुमारे 5,600 किलोमीटरचा. पहिल्या वर्षी नाकेबंदी नावापुरतीच होती, हे मान्य. पण साधी शिडाची व्यापारी जहाजे तेव्हापासूनच या बंदरांकडे फिरकेनाशी झाली. पुढे नासाऊ (बहामा) आणि बर्म्युडा या जवळच्या ब्रिटिश बेटांवरून जी जहाजे येऊ लागली ती निमुळती, उथळ, राखाडी रंगाची, अमावास्येच्या रात्री विल्मिंग्टन या दक्षिणेच्या बंदराच्या खाडीत शिरणारी. वेग भरपूर, पण पोटात माल थोडा. अशा एका फेरीला जुन्या मालवाहू जहाजाच्या फेरीएवढे वजन देणे म्हणजे हिशेबच बिघडवणे.

म्हणून फेऱ्यांऐवजी माल मोजा. युद्धाआधीच्या तीन वर्षांत दक्षिणेतून सुमारे 1 कोटी गाठी कापूस बाहेर गेला; युद्धाच्या शेवटच्या तीन वर्षांत जेमतेम 5 लाख.

पण हा आकडा हाती आला की लोक नेमके उलटे टोक गाठतात आणि सगळी घट आरमाराच्या खात्यावर टाकतात. तेही चूक. 1861 मध्ये दक्षिणेनेच आपला कापूस अडवून धरला होता. गिरण्या बंद पडल्या की इंग्लंड मदतीला धावेल, हा त्यांचा हिशेब. (1860 च्या मोठ्या पिकामुळे लँकेशायरच्या (इंग्लंडचा कापडगिरण्यांचा भाग) गोदामांत कापूस पडून होता, त्यामुळे हा हिशेब पहिल्या वर्षीच कोसळला.) पुढे मळेवाल्यांनी कापसाऐवजी मका घेतला, आणि बराच प्रदेश उत्तरेच्या सैन्याने व्यापला. यातला नेमका किती वाटा जहाजांचा, हे कोणी टक्क्यात सांगत असेल तर जपून ऐका.

बंदुकांवरून निकाल देणे ही आणखी एक नेहमीची गफलत. शस्त्रे येत राहिली. दक्षिणेच्या आधुनिक शस्त्रांपैकी निम्म्याहून जास्त समुद्रमार्गेच आली. 1865 मध्ये ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला तो काडतुसे संपली म्हणून नव्हे. माझ्या मते नाकेबंदीचा खरा घाव पाहायचा तर रेल्वेकडे पाहावे. पूर्वी जड माल किनाऱ्याकिनाऱ्याने गलबतांतून जायचा. तो मार्ग तुटल्यावर सगळा भार रेल्वेवर पडला, आणि ती रेल्वे आधीच तुटक, ठिकठिकाणी वेगवेगळ्या गेजची (रुळांमधल्या अंतराची). नवे रूळ मिळेनात. राजधानी रिचमंडचा ट्रेडेगर हा लोखंडाचा कारखाना तोफा आणि चिलखती पत्र्यांत गुंतलेला. मग कमी वापराच्या मार्गांचे रूळ उखडून मुख्य मार्गांवर टाकायचे. जॉर्जियात धान्य आणि व्हर्जिनियात अर्धपोटी शिपाई, ही अवस्था त्यातूनच आली. बाहेरून रूळ का आणले नाहीत? जहाजमालकाला जड लोखंडापेक्षा हलका, महागडा माल परवडायचा. चैनीच्या वस्तूंवर बंदी आणि निम्मी जागा सरकारी मालाला, असा कायदा व्हायला फेब्रुवारी 1864 उजाडला. फार उशीर झाला होता.

फक्त समुद्राकडे पाहत बसू नका. न्यू ऑर्लिन्स (एप्रिल 1862) काबीज झाल्यावर तिथे पहारा ठेवायची गरजच उरली नाही, आणि विल्मिंग्टनच्या तोंडाशी असलेला फोर्ट फिशर किल्ला (जानेवारी 1865) पडल्यावर त्या बंदराचा दरवाजा लागला. टेक्सासच्या सीमेलगतचे मेक्सिकोतले मातामोरोस तटस्थ असल्यामुळे तिथला व्यापार आरमाराला बंद करता आला नाही. पण जुलै 1863 मध्ये मिसिसिपी नदीवरचे व्हिक्सबर्ग उत्तरेच्या हाती गेल्यावर तो माल मिसिसिपी ओलांडून पूर्वेला नेणेच अवघड झाले.

कायद्याचा निकष वेगळा धरा. 1856 च्या पॅरिस जाहीरनाम्यानुसार नाकेबंदी प्रत्यक्षात परिणामकारक असेल तरच इतर देशांवर बंधनकारक. ब्रिटनने 1862 च्या सुरुवातीलाच ती मान्य केली, तेव्हा ती चांगलीच गळकी होती. ब्रिटनची मान्यता हा अर्थव्यवस्थेवरच्या परिणामाचा पुरावा नव्हे.

शेवटची चूक खास आपल्याकडची: मुंबईतली कापूस-तेजी हा नाकेबंदीच्या यशाचा थेट पुरावा मानणे. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे दलाल शिखरावर गेले, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचे शेअर्स भडकले, हे खरे. पण भाव वर्तमानाइतकाच पुढच्या अंदाजावर चालतो. 1864 मध्ये तहाच्या नुसत्या अफवांनी तो घसरला, तेव्हा दक्षिणेच्या चार्ल्स्टन आणि विल्मिंग्टन बंदरांबाहेर पहारा तसाच होता. 1865 मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि 1 जुलैला वायद्यांच्या निपटाऱ्याच्या दिवशी बाजार कोसळला. मुंबईचे भाव जरूर वापरा, पण त्यांवरून व्यापाऱ्यांना युद्ध किती लांबेल असे वाटत होते तेवढेच काढा. दक्षिणेच्या बंदरातून किती गाठी सुटल्या, हे तिथल्या निर्यातीच्या आकड्यांतच शोधावे लागेल.